हॅरल्डवरचा अन्याय

शनिवारी सकाळी शैलेंद्र चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आला, तेव्हा प्रिंटरमधून पाचवी प्रत बाहेर येत होती आणि त्याचे सासरे प्रल्हादराव मेश्राम ती कोमट पानं कडेला कड जुळवून टाचत बसले होते. वरच्या कोपऱ्यात शैलेंद्रच्या घरचा पत्ता होता. शेवटी, सहीच्या खाली, प्रती कुणाकुणाला त्यांची चार नावं होती. शैलेंद्रनं ती वाचली आणि कप टेबलावर ठेवला.

"मामाजी, हे गव्हर्नर म्हणजे..."

"नॉर्थ कॅरोलिनाचे. प्रत माहितीसाठी," प्रल्हादराव म्हणाले. "त्यांनी काही करायचं नाही. त्यांना माहिती असली म्हणजे झालं."

शैलेंद्रच्या ग्रीन कार्डाची फाईल दोन वर्षं कुठल्याशा कचेरीत पडून होती. आणि आता त्याच्याच पत्त्यावरून गव्हर्नरला तक्रार चालली होती. पण सासऱ्यांना नाही म्हणण्याची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो बायकोला उठवायला गेला. प्रणितानं डोळे न उघडताच विचारलं की कम्प्लेंट कशाबद्दल आहे. बेसबॉलबद्दल, असं कळल्यावर ती कूस बदलून पुन्हा झोपली. ती झोपली नसती तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं शैलेंद्र नंतर अनेकदा म्हणाला.

प्रल्हादराव चंद्रपूरच्या बांधकाम खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. रस्ते आणि पूल बांधणारे लोक वेगळे. प्रल्हादरावांनी चौतीस वर्षं त्या लोकांच्या बदल्या, बढत्या आणि सेवाज्येष्ठतेच्या याद्या सांभाळल्या होत्या. त्यांचे वडील नागपुरात गिरणी कामगार होते आणि त्यांनी मुलाला एकच गोष्ट पक्की शिकवली होती, की आपण तोंडी मागायचं नाही, लेखी मागायचं. प्रल्हादराव आयुष्यभर लेखी मागत आले. खात्यात त्यांचा मसुदा नावाजलेला होता. साहेब लोकसुद्धा मुलांच्या प्रवेशाचे अर्ज त्यांच्याकडून लिहून घेत.

शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये ते आणि कांताबाई लेकीकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आले. कांताबाईंनी दोन दिवसांत स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि चौथ्या दिवशी मागच्या अंगणात मेथी पेरली. प्रल्हादरावांच्या वाट्याला खिडकी आली. लेक-जावई सकाळी दोन गाड्यांतून दोन दिशांना जात. पायी जावं तर फुटपाथ कोपऱ्यावर एकदम संपे, आणि पुढे हिरवळीतून चालणाऱ्या माणसाकडे गाडीवाले वळून बघत. तीन आठवड्यांनी शेजारच्या वॉल्टरला त्यांची दया आली. वॉल्टर निवृत्त पोस्टमन होता, एकटा राहत होता आणि ग्रॅनबी टर्टल्स या संघाचा तीस वर्षांचा भक्त होता. एका संध्याकाळी त्यानं प्रल्हादरावांना आपल्या पिकअप ट्रकमध्ये बसवलं आणि वीस मिनिटांवरच्या ग्रॅनबीला सामना बघायला नेलं.

टर्टल्स हा छोटा संघ. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, लाकडी बाकं आणि आठशे प्रेक्षक. संघ उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबच्या मालकीचा होता आणि खेळाडूंनी इथं शिकून पुढं जायचं अशी पद्धत होती. हे प्रल्हादरावांना ठाऊक नव्हतं. त्यांना इतकंच दिसलं, की रामिरो नावाचं एक पोरगं चेंडू असा टोलवतं, की तो कुंपणापलीकडे पशुखाद्याच्या दुकानावर जाऊन पडतो. तीन सामन्यांत त्यांचा त्या पोरावर जीव जडला. चौथ्या सामन्याला रामिरो दिसला नाही.

त्यांनी वॉल्टरला विचारलं. वॉल्टरनं खिन्नपणे अंगठा आभाळाकडे केला आणि म्हणाला, "वर गेला."

प्रल्हादराव उठून उभे राहिले. एवढं तरणं पोरगं, झालं तरी काय, असं ते विचारू लागले, तेव्हा वॉल्टरनं त्यांना खाली बसवून समजावलं की रामिरो जिवंत आहे, फक्त वरच्या दर्जाच्या संघात गेला आहे. ग्रॅनबीच्या लोकांच्या दृष्टीनं त्यात फारसा फरक नव्हता. मे महिन्यात टॉमी नावाचा डाव्या हातानं चेंडू फेकणारा गेला. जूनमध्ये दोघं एकाच दिवशी गेले. जो चांगला खेळे तो जाई, आणि जो राही तो का राहिला हे पहिल्या दोन चेंडूंतच कळे. वॉल्टर म्हणाला की आपल्याला एखादा खेळाडू आवडायला लागला, की तो हरू दे अशी प्रार्थना करावी लागते, आणि त्या प्रार्थनेलाही यश येत नाही.

प्रल्हादरावांना मात्र हे सगळं फार ओळखीचं वाटलं. ही पदोन्नतीवर बदली होती. त्यांनी घरी येऊन कांताबाईंना सांगितलं की अमेरिकेतही आपल्या खात्यासारखंच चालतं. मग ते दर सामन्याला जाऊ लागले आणि वॉल्टरच्या बरोबरीनं निराश होऊ लागले.

जुलैमध्ये संघाचा मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा आणि खेळवणारा मुख्य माणूस, तोही वर गेला. आता ती जागा हॅरल्ड बीसनला मिळणार हे लहान पोरंही सांगत होती. हॅरल्ड अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि फेकणाऱ्या पोरांना शिकवत अकरा वर्षं त्याच बाकावर बसला होता. इथून वर गेलेला प्रत्येक फेकणारा त्याच्या हाताखालून गेलेला. पण मोठ्या क्लबनं बाहेरून एक माणूस पाठवला. त्याचं नाव ब्रॅड, वय एकतीस. तो सामना चालू असताना मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसे.

ब्रॅडच्या पहिल्या सामन्याहून परतल्यावर प्रल्हादराव रात्रभर तळमळत राहिले. त्र्याऐंशी साली अमरावतीहून आलेल्या एका ज्युनियरला त्यांच्या डोक्यावर बसवलं होतं, आणि त्या माणसाला फाईलवर टिपणी कशी लिहायची हेही प्रल्हादरावांनीच शिकवलं होतं. हॅरल्ड त्या दिवशी ब्रॅडला पाण्याचा नळ कुठं आहे ते दाखवत होता. प्रल्हादरावांना ते बघवलं नव्हतं.

म्हणून हे निवेदन. विषय होता, श्री. हॅरल्ड बीसन यांची सेवाज्येष्ठता डावलून कनिष्ठास मॅनेजरपदी नेमल्याबाबत. त्यात अकरा परिच्छेद होते. त्यांनी विनम्रपणे निदर्शनास आणलं होतं, खेदानं नमूद केलं होतं आणि शेवटी, तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास पुढील सर्व हक्क राखून ठेवले होते. मूळ प्रत संघाच्या अध्यक्षाला. बाकीच्या प्रती मोठ्या क्लबला, ग्रॅनबीच्या महापौराला, तिथल्या साप्ताहिकाच्या संपादकाला आणि गव्हर्नरला.

कांताबाईंनी पाकिटं चिकटवायला मदत केली. चिकटवता चिकटवता त्यांनी विचारलं, "त्या हॅरल्डले विचारलं होतं का तुम्ही?"

"अन्याय झालेल्या माणसाले काय विचारायचं असते?" प्रल्हादराव म्हणाले.

दहा दिवस काही झालं नाही. शैलेंद्रला हायसं वाटलं. प्रल्हादरावांनाही वाटलं, पण वेगळ्या कारणानं. दहा दिवस उत्तर नाही याचा अर्थ फाईल फिरते आहे, असं त्यांनी जावयाला समजावलं. अकराव्या दिवशी साप्ताहिकानं निवेदन चौकटीत जसंच्या तसं छापलं, अगदी माहितीसाठी प्रती कुणाकुणाला त्यासकट. आधी गाव हसलं. मग गावानं ते पुन्हा वाचलं, आणि अकरा परिच्छेदांत एक अक्षरही खोटं नाही हे लक्षात आल्यावर गाव चिडलं.

वॉल्टरनं ते कात्रण मोठं करून मैदानाच्या दारात लावलं आणि सह्या गोळा करायला सुरुवात केली. चारशे बारा झाल्या. पुढच्या सामन्याला ब्रॅड मैदानात उतरला आणि आठशे लोकांनी एका सुरात 'सीनियॉरिटी' असा घोष सुरू केला. प्रल्हादरावांना गहिवरून आलं. चौतीस वर्षांत या शब्दासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या त्यांनी ऐकल्या नव्हत्या. ब्रॅड इतका गोंधळला, की त्यानं चुकीचा माणूस चेंडू फेकायला पाठवला. टर्टल्स त्या दिवशी हरले आणि नंतर ओळीनं आठ सामने हरले. हॅरल्ड बाकाच्या टोकाला टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला असे. भावना अनावर झाल्या असतील, असं प्रल्हादराव वॉल्टरला म्हणाले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात हॅरल्ड होता. पत्ता साप्ताहिकात छापलेलाच होता. प्रल्हादरावांनी त्याला सन्मानानं सोफ्यावर बसवलं, कांताबाईंनी चहा आणि शंकरपाळे ठेवले. हॅरल्डनं एक शंकरपाळा खाल्ला, चांगला आहे म्हणून सांगितलं, आणि मग हलक्या आवाजात झालेला प्रकार सांगितला.

मॅनेजरची जागा त्याला आधीच देऊ केली होती. यंदाही, आणि त्यापूर्वी दोनदा. तिन्ही वेळा त्यानं नाही म्हटलं होतं. खेळाडू म्हणून आणि कोच म्हणून मिळून तो एकोणीस गावांत राहिला होता. मॅनेजर झालं की दोन वर्षांत विसावं गाव आलंच. त्याची बायको लोइस ग्रॅनबीच्या चर्चमध्ये पियानो वाजवत होती, घराचे हप्ते फिटले होते, आणि आता मरेपर्यंत सामान बांधायचं नाही असं त्यानं तिला वचन दिलं होतं. ब्रॅडचं नाव त्यानंच सुचवलं होतं. पोरगा हुशार आहे, हॅरल्ड म्हणाला, निदान होता.

"पण मग यात वाईट काय झालं?" प्रल्हादरावांनी विचारलं. "तुम्ही कळवून टाका, की तुमची तक्रार नाही."

"कळवलं," हॅरल्ड म्हणाला. "वकील म्हणाले, घाबरून तसं म्हणतोय."

मोठ्या क्लबच्या वकिलांनी निवेदन वाचलं होतं. सर्व हक्क राखून ठेवल्याचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्याच्यावर एकतीस वर्षांचा. वयावरून डावलल्याचा खटला होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि गव्हर्नरपर्यंत प्रत गेली आहे म्हणजे यामागे कुणी मुरलेला वकील आहे याबद्दल त्यांची खात्री होती. तेव्हा खटला उभा राहण्याआधीच हॅरल्डला मॅनेजर करून टाकायचं ठरलं. ग्रॅनबीत जागा नव्हती. माँटानात होती. तिथल्या संघाचा मॅनेजर कंटाळून सोडून गेला होता. इथून निघायला सहा दिवस दिले होते, आणि नाही म्हटलं तर करार संपला.

माँटाना किती दूर आहे, असं कांताबाईंनी विचारलं. हॅरल्डनं सांगितलं, दोन हजार तीनशे मैल. प्रल्हादरावांनी ते कांताबाईंना मराठीत सांगितलं आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कांताबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी उरलेले सगळे शंकरपाळे एका डब्यात भरले आणि डबा हॅरल्डच्या हातात दिला.

सहाव्या दिवशी सकाळी वॉल्टर आणि प्रल्हादराव ग्रॅनबीला गेले. हॅरल्डच्या घरासमोर भाड्याचा ट्रक उभा होता. लोइस शेजारणीच्या गळ्यात पडून रडत होती. पियानो ट्रकमध्ये मावला नव्हता. तो व्हरांड्यातच चादर घालून ठेवला होता. रस्त्यावर तीस-चाळीस चाहते जमले होते आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत होतं की आपण जिंकलो. एकानं प्रल्हादरावांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. वॉल्टर दूर उभा राहून पशुखाद्याच्या दुकानाकडे बघत होता. रामिरो गेला, टॉमी गेला, आणि जो एक माणूस कधीच जाणार नव्हता त्यालाही आपण चारशे बारा सह्या करून घालवलं, एवढंच तो येताना गाडीत बोलला होता.

प्रल्हादराव ट्रकच्या खिडकीशी गेले. सबंध आठवडा ते नीट जेवले नव्हते. हॅरल्डनं आपल्यावर ओरडावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण तो नुसता आरसा नीट करत होता. तेव्हा प्रल्हादरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. बदली रद्द करण्यासाठी विनंतीअर्ज करता येईल, ते म्हणाले. कौटुंबिक अडचण, पत्नीची नोकरी, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, असा कच्चा मसुदा त्यांनी तयार केला होता. फक्त सही हवी होती. यावेळी ते विचारून पाठवणार होते.

हॅरल्डनं कागदाला हात लावला नाही.

"प्रल्हाद, तुम्ही नोकरीत असे किती अर्ज लिहिलेत?"

प्रल्हादराव खरं बोलणारे होते. त्यांनी हिशेब केला. स्वतःची वेतनवाढ, वस्तीवरचा पाण्याचा नळ, कांताबाईंची शिक्षिका म्हणून झालेली बदली, त्र्याऐंशीचं ते प्रकरण, लोकांचे लिहून दिलेले वेगळेच. "दोन-तीनशे असतील," ते म्हणाले.

"आणि त्यातल्या कितींवर कुणी काही कारवाई केली?"

प्रल्हादरावांनी पुन्हा हिशेब केला. ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग लाज, आणि लाजेच्या मागून, ते कितीही दाबू पाहत होते तरी, थोडा अभिमान.

"हा पहिलाच," ते म्हणाले.

हॅरल्डनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

"अभिनंदन," तो म्हणाला, आणि माँटानाच्या रस्त्याला लागला.