मास्तरांच्या बाजूला एक्सलरेटर नव्हता

"अहो, पाचही दिवस तुम्हीच चालवणार ना?" बायकोने विचारले.

"मग काय शेजारचे चालवणार?" मास्तर वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले. पुढे जे काही झाले त्याचे खापर या एका वाक्यावरच फोडावे लागेल.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. बंदराच्या त्या गावात बावीस वर्षे त्यांचे ड्रायव्हिंग स्कूल होते. निम्म्या गावाला आपण गाडी चालवायला शिकवले आणि उरलेल्या निम्म्याला आपोआप पळायला, असे ते स्वतःच सांगत. त्यांची बायको पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसे. दिवसभर 'नळाला पाणी नाही' हे एकच वाक्य ऐकून तिने या वर्षी ठरवले होते की किनारा सोडायचा, घाट चढायचा आणि पलीकडचा तळ्यांचा मुलूख बघायचा. एकदा तरी भरपूर गोडं पाणी डोळे भरून पाहायचे.

"पाणीच बघायचं तर समोर समुद्र आहे की," मास्तर म्हणाले होते.

"त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. त्यात काय मजा?"

तिने आखणीही कार्यालयीन शिस्तीत केली. पहिला दिवस किनाऱ्याचा रस्ता, दुसरा घाट, तिसऱ्या-चौथ्याला तीन तळी, पाचव्याला परत. कागद फ्रिजवर चिकटवला. 'गाडी कोण चालवणार' या रकान्यात पाचही दिवसांपुढे 'हे' असे लिहिले. मास्तरांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली : 'दर दीड तासाने थांबणे.' ज्याला त्याला मास्तर सांगत सुटले, "सहाशे किलोमीटर म्हणजे काय, डाव्या हाताचा खेळ!"

रविवारी सकाळी ते टायरमध्ये हवा भरायला निघाले. त्या दिवशी शिकवणी नव्हती, म्हणून विद्यार्थीही नव्हता. दार उघडून आत बसले आणि समोर स्टिअरिंग बघून दचकलेच. या बाजूला आपण शेवटचे कधी बसलो होतो, हे त्यांना आठवेना. भाजी आणायची असली की ते विद्यार्थ्याला 'बाजारातलं रिव्हर्स पार्किंग' शिकवत. सासूबाईंच्या दाताचे काम निघाले की 'दवाखान्याचा चढ'. साडूकडे जायचे असले की 'लांब पल्ल्याचा सराव'. बावीस वर्षे सगळा संसार शिकाऊ माणसांनी वाहिला होता आणि मास्तर शेजारच्या सीटवर, जादा बसवलेल्या ब्रेक-क्लचवर पाय ठेवून बसले होते. त्या बाजूला एक्सलरेटर नव्हता. म्हणजे बावीस वर्षांत त्यांनी गाडी फक्त थांबवली होती.

किल्ली फिरवली. उजवा पाय सवयीने ब्रेकवर गेला तो तिथेच बसला. गाडीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा बरोबर शिंप्याच्या दुकानासमोर पडली. शिंपी गळ्यात टेप घालूनच बाहेर आला.

"मास्तर, गाडी बंद पडली?"

खरे उत्तर 'पाडली' असे होते. पण शिंप्याला गाडी मास्तरांनीच शिकवली होती. गाडी बंद पाडली एवढ्याशा कारणावरून त्यांनी त्याला भर चौकात दोनदा झापलेही होते.

"हो ना," ते म्हणाले. "काहीतरी मोठा बिघाड दिसतोय."

शिंपी उपकाराची फेड करायला टपलेलाच होता. त्याचा मेहुणा मेकॅनिक. दहा मिनिटांत मेहुणा हजर झाला, गाडीत बसला आणि चौकाला चक्कर मारून आला.

"लोण्यासारखी चालतेय."

"नीट बघ. गिअर टाकला की धक्का देते."

"मला नाही दिला."

"तुला कशाला देईल? मला देते."

मेहुण्याने डोके खाजवले. मास्तरांसारखा अनुभवी माणूस म्हणतो म्हणजे दोष खोल असणार. दुपारपर्यंत गिअरबॉक्स उतरून गॅरेजच्या फरशीवर आला. आणि एवढे उघडलेच आहे तर क्लचप्लेटही नवी टाकू, ती मागवावी लागेल, आठ-दहा दिवस धरा, असे मेहुणा म्हणाला. मास्तरांच्या जिवात जीव आला. सहल लांबणीवर पडणार!

"ट्रिप आठ दिवसांवर आली आणि गाडीची आतडी बाहेर?" बायको म्हणाली. "बरं, काळजी करू नका. मी भावाला सांगून ठेवते. नाहीच झाली आपली, तर त्याची गाडी घेऊन जाऊ."

मास्तरांची पाचावर धारण बसली. बायकोच्या भावाच्या गाडीला सगळी पेडल एकाच बाजूला होती.

"घाटात धुकं असतं म्हणे," त्यांनी सुचवून पाहिले.

"तेच तर बघायचंय."

"सासूबाईंना वळणांचा त्रास होईल."

"मला?" आतून आवाज आला. "जावईबापू, मला आजवर त्रास झाला तो फक्त तुमच्या विद्यार्थ्यांचा."

दुसऱ्या दिवशी मास्तर बसने शेजारच्या गावी गेले. तिथेही एक ड्रायव्हिंग स्कूल होते. ते एक ताई चालवत. या ताई मास्तरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. मास्तरांनी त्यांना तीन वेळा परीक्षेला बसू दिले नव्हते.

"मास्तर! तुम्ही इकडे कसे?"

"सहज. म्हटलं, तुझी शिकवण्याची पद्धत बघावी. समज मी नवा विद्यार्थी आहे. अगदी कोरा."

ताईंनी एक शब्द न विचारता चावी हातात दिली. गाडी फाटकातच चार वेळा बंद पडली.

"हे मी मुद्दाम करतोय बरं का. तू काय म्हणतेस ते बघायला."

"मग आता मुद्दाम चालू करून दाखवा," ताई म्हणाल्या.

पुढचा तासभर जे झाले ते मास्तर आयुष्यात विसरणार नाहीत. ताईंनी फक्त गाडी चालवणेच नव्हे, मास्तरांची अख्खी जीभ उचलली होती. "क्लच सोडताय की राग काढताय?" हे त्यांचेच वाक्य. "आरसा भांग पाडायला दिलेला नाही, मागे बघा!" हेही त्यांचेच. "समोरच्या म्हशीला अक्कल आहे, तुमचं काय?" हे तर त्यांनी मोठ्या अभिमानाने तयार केले होते, आणि लोक ऐकून हसतात अशी त्यांची समजूत होती. आज स्टिअरिंगवर घामेजलेले हात ठेवून ऐकताना त्यांना त्यात हसण्यासारखे काहीच सापडेना. म्हैस मात्र खरोखरच शहाण्यासारखी बाजूला झाली.

"एवढं टाकून बोलायची गरज असते का गं?" त्यांनी शेवटी विचारले.

"मलाही तेव्हा हेच विचारायचं होतं, मास्तर. धीर झाला नाही."

मास्तरांनी चावी परत दिली. मग म्हणाले, "उद्या किती वाजता येऊ?"

'पार्ट बघायला जातो' असे घरी सांगून ते पाच दिवस जात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा पाय ब्रेकवरून हलला. चौथ्या दिवशी तिसरा गिअर पडला आणि मास्तर लहान मुलासारखे "पडला, पडला!" म्हणून ओरडले. पाचव्या दिवशी चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता सुटली, तेव्हा ताईंनी फक्त पसंतीची मान डोलावली. बावीस वर्षांत मास्तरांनी कुणाला इतकेही दिले नव्हते, हे त्यांना बसमध्ये बसल्यावर जाणवले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बायको पिशव्या भरत होती. मास्तर दारात उभे राहून खाकरले.

"तुला एक सांगायचं होतं. गाडीत काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्यात होता. मला... म्हणजे मला गाडी चालवता येत नव्हती."

"माहीत आहे. ताईंनी पहिल्याच दिवशी फोन केला होता."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही तक्रारच नोंदवली नाहीत," टॉवेलची घडी करत ती म्हणाली. "नोंदवल्याशिवाय आमच्याकडे काही हलत नाही. आता नोंदवलीत. बरं, येतेय ना आता?"

"येतेय असं वाटतंय."

"मग झालं तर."

गाडीही संध्याकाळीच आली. आधीही ठीकच होती, आता जास्त ठीक आहे, असे मेकॅनिकने सांगितले. मास्तर टपावरची शाळेची पाटी आणि शिकाऊचे लाल अक्षर काढायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. लोक चार हात लांब राहतील."

आणि खरेच राहिले. पहिल्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यावर मोठमोठे ट्रक त्यांना वाट देत होते. बायको शेजारी नकाशा घेऊन बसली होती. तिचे पाय सारखे त्या जादा पेडलांकडे जात, आणि मास्तर दर वेळी कळवळून म्हणत, "हात जोडतो, त्यांना हात लावू नकोस."

"पाय आहेत ते."

"त्यांनाही जोडतो."

दुसऱ्या दिवशी घाट लागला. धुके होतेच. दोन वळणे चढून गेल्यावर ऐन चढावर एका हवालदाराने हात केला. मास्तरांनी गाडी थांबवली. थांबवण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता.

हवालदाराने टपावरची पाटी वाचली. मग लाल अक्षर पाहिले. मग खिडकीपाशी वाकला.

"शिकाऊ गाडी घाटात? शिकतंय कोण?"

मास्तरांच्या तोंडाशी बावीस वर्षांची इभ्रत आली. ती त्यांनी गिळली.

"मी," ते म्हणाले.

हवालदाराने त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले, बायकोच्या मांडीवरच्या नकाशाकडे पाहिले.

"आणि शिकवतंय कोण?"

बायको तोंड उघडणार, तोच मागची काच खाली आली.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आधी बाजूला व्हा बघू. चढावरून सुटायला त्यांना जागा लागते."

हवालदार बाजूला झाला. मास्तरांनी पहिला गिअर टाकला, तेव्हा आणखी दोन पावले झाला.