मांजरेचं वळण

"वहिनी, तुमच्या पूर्वेच्या गालावर डास बसलाय."

सुमतीबाईंनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. आम्ही हैदराबादेत तारनाक्याला नुकतेच राहायला आलो होतो आणि शेजारीण म्हणून त्या चहाला आल्या होत्या. मी बावळटासारखे दोन्ही गाल चोळले. बाई शांतपणे म्हणाल्या, "उडाला. उत्तरेला तोंड करून बसलात ना, म्हणून तुमचा उजवा गाल पूर्वेचा. सोपं आहे."

बाई एका मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. पंगतीत बसल्या की, "भाताच्या ईशान्येला थोडं वरण वाढा." सुलतान बाजारात साडी घ्यायला गेलो तर, "ती वायव्येकडची किरमिजी दाखवा." दुकानदार बिचारा सगळं कपाट रिकामं करायचा. एकदा ऑटोवाल्याला म्हणाल्या, "पश्चिमेकू मुडो." तो म्हणाला, "अम्मा, लेफ्ट बोलो नै तो राइट बोलो." बाई म्हणाल्या, "लेफ्ट तुम्हारा घडी घडी बदलता. पश्चिम नै बदलता." खरं सांगते, तो पोरगा पुढं सबंध रस्ता मान खाली घालून चालवत होता.

हसू यायचं, पण मला त्या बाईचा हेवाही वाटायचा. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पुढचं जे काय आलं ते पुडीचे कागद वाचून. मला आमच्या गल्लीचं टोक सापडत नव्हतं, आणि ह्या बाईला डोळे मिटून सगळी दुनिया ठाऊक.

त्यात बाईंची लाडकी म्हणजे मांजरा नदी. बीडकडून निघते, पूर्वेला चालत चालत आपल्या हैदराबादच्या अंगाला येते, आणि इथं येऊन चक्क उत्तरेला वळते, पुन्हा मराठी मुलखाच्या शिवेपर्यंत. "अशी वळते बघा," म्हणून बाई नकाशावर बोट फिरवायच्या. ते बोट असं काही वळायचं की नदीनं बघून शिकावं.

मग ते दिवस आले. घरोघरी गच्चीवर टीव्हीच्या तबकड्या लागल्या, कंपन्या येणार म्हणून जो तो बोलू लागला, आणि पोरं भराभर इंग्रजी शाळांत गेली. बाईंच्या सातवीत शेवटी एकच मुलगी उरली. सुजाता. तिचे आजी-आजोबा उदगीरकडचे, वडील एका दवाखान्यात नोकरीला. ते येऊन म्हणाले, "बाई, राग मानू नका. आता दुनिया खुली झाली. जूनपासून पोरीला इंग्लिशमधी घालतो." बाईंनी मान हलवली. संस्थेनंही सांगून टाकलं, मराठीचा वर्ग बंद.

त्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "वहिनी, त्या मुलीला मी वळण डोळ्यांनी दाखवणार. तीस वर्षं सगळ्यांना कागदावर दाखवलं. एकीला तरी खरं दाखवते, मग लागू दे कुलूप."

अडचण एवढीच की सहलीला निदान दोन विद्यार्थी हवेत, असा संस्थेचा नियम. बाईंनी हजेरीपटावर माझं नाव चढवलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "ह्या कोण?" बाई म्हणाल्या, "उशिरा दाखल झाल्यात." मी तेव्हा पंचावन्नची.

पहाटेची बस धरून आम्ही संगारेड्डीच्या पुढं नदीवर गेलो. पहिल्या कोळ्याकडे टोपलीसारखी गोल नाव होती. बाईंनी सरळ नाही म्हटलं. "गोल वस्तूला दिशा नसते." दुसऱ्याकडे लांब, अरुंद लाकडी होडी मिळाली. मी हळूच विचारलं, "मगरी आहेत का?" होडीवाला यादगिरी म्हणाला, "हैं अम्मा. पन शरीफ हैं. सुबू सुबू धूप खाते पडते."

काय सांगू ती नदी. पाणी असं निवांत की वल्हं मारल्यावर त्यालाच दचकल्यासारखं व्हावं. दोन्ही काठांनी बाभळी, मधे मधे गवताची बेटं, त्यांवर पांढरे बगळे. बाईंनी होकायंत्र सुजाताच्या हातात दिलं आणि तिला पुढं बसवलं. "नदी उत्तरेला वळली की सांग."

अर्ध्या तासानं सुजाता म्हणाली, "बाई, उत्तर."

बाई एवढ्या झटकन उठल्या की होडी हलली आणि मी मगरींना नमस्कार केला.

"बाई, परत पूर्व झाली."

असं चार वेळा झालं. नदी आपली जरा इकडं, जरा तिकडं. ऊन डोक्यावर आलं. यादगिरीनं वल्हं मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "अब वापस होना, अम्मा."

"आणि वळण?"

"मुडती ना. पन एकदम कौन मुडता? धीरे धीरे मुडती. वो पूरा देखना तो दो दिन होना."

नकाशावर जे करंगळीएवढं होतं ते होडीतून दोन दिवसांचं, हे तीस वर्षांत बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हणणार होते, जाऊ द्या हो. पण त्यांनी पोरीकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, "सुजाता, माझं चुकलं. वळते, पण अशी दिसत नाही."

सुजातानं होकायंत्र ओच्यात ठेवलं. तिनं विचारलं, "बाई, तिकडच्या शाळेच्या पुस्तकात ही नदी असेल का?"

आता बाई खोटं बोलतात की काय, म्हणून मी कान टवकारले.

"नसेल बहुतेक," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग रविवारी माझ्याकडं ये. आपण वाचू. मी घरीच असते."

होडी परत फिरली. यादगिरीचं वल्हं पाण्यात पडत होतं, उठत होतं. बऱ्याच वेळानं, कुणी काही विचारलेलं नसताना बाई म्हणाल्या, "सोमवारी आलीस तरी चालेल. सोमवारीही असेन आता."

सुजाता म्हणाली, "हौ बाई."

बाई काठाकडे तोंड करून बसल्या, त्या उतरेपर्यंत तशाच. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. दोन म्हशी पाण्यात डुंबत होत्या.