टकटक ऐकू येईना म्हणून

“आई, आज तुमच्या तोंडून ‘छान’ वदवून घेतलं नाही, तर थुआन नाव लावणार नाही!”

असं म्हणत आमच्या थुआननं चपला पायांत सरकवल्या. सासूबाई हनोईहून सायगॉनला लेकीकडे आल्या होत्या आणि सकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या. जावयानं त्यांना शहरभर खाऊ घातलं, पण बाई ‘छान’ म्हणतील तर शपथ! तांदळाचा पोळा? “तेलकट.” शिंपले? “आमच्याकडे याहून मोठे फेकून देतात.” आता शेवटचा डाव रात्रीच्या टकटक हू तिऊचा.

“फोनवरून मागवा ना,” बायको ली जांभई देत म्हणाली.

“टकटक हू तिऊ फोनवरून? उद्या म्हणशील, श्वासही फोनवरून मागवा!”

त्याचंही खरंच होतं म्हणा. अस्सल हू तिऊची गाडी कुठंतरी कोपऱ्यावर उभी असते आणि तिचा माणूस दोन काठ्या वाजवत गल्ल्यांतून हिंडतो. टक-टक ऐकली की खिडकीतून ओरडायचं. मग रश्श्यातल्या शेवयांचा वाफाळता वाडगा दारात हजर! त्याशिवाय कशाला अस्सल म्हणायचं?

पण टकटक असेल तर ना! थुआन गल्ल्यामागून गल्ल्या पालथ्या घालत सुटला. एक गाडी सापडली, तर ती कर्ण्यातून स्वतःचंच कौतुक ओरडत होती. “असली नको!” म्हणून गडी पुढं. शेवटी अर्धवट बांधलेल्या घरापाशी बांबूचे दोन तुकडे दिसले आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपणच वाजवायचं! आपल्या हद्दीत दुसऱ्याची टकटक ऐकली की खरा टकटकवाला निदान भांडायला तरी येईल!

टक-टक, टक-टक.

वरची खिडकी खाडकन उघडली. “ए भाऊ! दोन वाडगे! एकात कांद्याची पात नको!”

“अहो, मी तो नाही—”

“तू नाहीस तर वाजवतोयस कशाला, झोपमोड करायला?”

तेवढ्यात समोरून पत्ते खेळणारे गरजले, “आम्हाला चार! आणि मागच्यासारखं गार आणलंस तर बघ!” मागच्यासारखं? थुआननं जन्मात कुणाला पाणी नेऊन दिलं नव्हतं! पण त्यातला एक पैलवान बाह्या सरसावत होता, म्हणून हा म्हणाला, “हो हो, गरमागरम!”

तो पळाला. हातातल्या काठ्या एकमेकींवर आपटत राहिल्या आणि तो पळेल तिकडे खिडक्या उघडत गेल्या. “मिरची वेगळी!” “बाळ झोपलंय, बेल वाजवू नकोस!” त्याच्या स्वतःच्या घराची खिडकीसुद्धा उघडली आणि अंधारातून ओळखीचा आवाज आला, “ए टकटकवाल्या! माझा पण एक! रस्सा उकळता आण!”

सासूबाई! थुआननं तोंड फिरवून धूम ठोकली.

तेवढ्यात कुणीतरी त्याची कॉलर धरली. “कोण रे मेल्या तू, माझ्या गल्लीत वाजवणारा?”

गाडीवाली न्यान मावशी होती ती! थुआननं हात जोडले. “मावशी, तुम्हालाच शोधत होतो! एकच वाडगा द्या. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“आणि खिडक्यांतून ओरडताहेत त्यांचं काय? माझा टकटकवाला नवरा कंबर धरून बसलाय. ऑर्डरी तू घेतल्यास ना? मग पोचव तूच! तुझा वाडगा सगळ्यांत शेवटी.”

“मी ऑफिसात साहेब आहे हो!”

“असशील. तोंड बांध आधी, अन्नाचं काम आहे.”

झालं! तोंडाला मास्क, कमरेला मावशीचा ॲप्रन, डोक्यावर तिच्या नवऱ्याची टोपी. साहेब जिने चढले, जिने उतरले; बोटं पोळली. कांद्याची पात नेमकी नको तिथं गेली, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. पैलवानानं मात्र रश्श्यात बोट बुडवून मान डोलावली. गडी हटला नाही. मनात एकच जप चालला होता: छान, छान, छान.

शेवटचा वाडगा घेऊन तो स्वतःच्या दारात उभा राहिला. जिन्यातला दिवा गेला होता. सासूबाईंनी दार उघडलं, वाडगा घेतला आणि उंबऱ्यातच पहिला घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला.

“छान!” त्या म्हणाल्या. “फारच छान! या शहरात पहिल्यांदा काहीतरी तोंडात घालण्यासारखं मिळालं बघ, भाऊ. नाहीतर आमचे जावई! बाहेर गेलेत ते अजून बेपत्ता. मी खिडकीत बसल्या बसल्या मागवलं!”

थुआनचे डोळे भरून आले. त्यानं मास्क खाली ओढला. “आई, मीच तो! मीच आणलंय!”

सासूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग वाडग्यात पाहिलं. चमचाभर रस्सा पुन्हा तोंडात घेऊन घोळवला.

“तुम्ही आणलंत होय?” त्या म्हणाल्या. “तरीच! मघापासून म्हणतेय, मीठ कसं कमी लागतंय!”

आतून ली खो खो हसली. थुआननं मास्क पुन्हा वर चढवला आणि जिना उतरू लागला. रिकामे वाडगे गोळा करायचे अजून बाकी होते.