आखडलेल्या रॅम्पचं गूढ

“भाविका, मी म्हणजे खान्देशचा तिसरा डोळा! तापीत पडलेली सुई मी काठावरून हुंगून सांगतो,” असं म्हणून गुप्तहेर हेमराजकाका डाव्या पायात उजवी चप्पल घालून शेताकडे निघाले.

मागोमाग नववीतली भाविका. ती त्यांची मदतनीस, म्हणजे वही, टेप आणि काकांचा थर्मास सांभाळणारी.

प्रकरण गंभीर होतं. चारुलताआत्यानं एटीव्हीवर, म्हणजे त्या फुगीर चाकांच्या चारचाकी मोटारसायकलवर, केळीसाठी फवारणीपंप बसवला होता. दोन वर्षांची खटपट! आज दुपारी दोनला धुळ्याच्या कृषी प्रदर्शनात तिचं प्रात्यक्षिक होतं. उशीर झाला की नंबर पुढच्याला.

मशीन पिकअपमध्ये चढवायचा रॅम्प काकांनीच निवडलेला. जामनेरच्या वेल्डरकडे सहा फुटी आणि आठ फुटी, असे दोन तयार होते. काकांनी मंगळवारी पिकअपच्या मागच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजली आणि छाती काढून सहा फुटी उचलला. “आठ फुटी म्हणजे भित्र्यांचा रॅम्प!”

आज शुक्रवार, सकाळचे आठ. आत्यानं मशीन चढवलं आणि ते गाडीच्या कडेला पोट टेकून अडकलं. पुढची चाकं गाडीत, मागची रॅम्पवर.

“भाऊ, हा रॅम्प आहे की शिडी?” मशीन कसंबसं खाली घेत आत्या ओरडली. वेल्डरकडे धावायची सोय नव्हती, तो लग्नाला अमळनेरला गेलेला.

काकांनी रॅम्प हुंगला. “कुणीतरी कापलाय.”

भाविकानं टेप लावली. “बरोबर सहा फूट आहे, काका.”

“मग टेप ताणलेली आहे!”

दुसरा संशय जमिनीवर. जमीन खचली असणार. तिसरा शेजारच्या निंबाआबांवर. “जळतो तो आपल्यावर. टायरमध्ये जादा हवा भरून गाडी उंच केली. हवेवर ठसे सापडतील.”

बांधावरून आबा गरजले, “अरे हेमराज, मह्या सायकलीत हवा नाही, तुह्या गाडीत कोठून भरू?”

काकांनी ‘आरोपी उर्मट आहे’ अशी नोंद केली.

तेवढ्यात भाविकानं गाडीच्या मागच्या कडेची उंची मोजली. मंगळवारच्या पानावर अठ्ठावीस इंच होती. आज तेहतीस!

“काका, गाडी पाच इंच वाढलीय.”

“वाढीचं वय असेल,” काका गंभीरपणे म्हणाले. “नोंद कर.”

आत्या कपाळाला हात लावून बांधावर बसली. तिला असं बसलेलं भाविकानं कधीच पाहिलं नव्हतं. नऊ वाजत आले होते.

केळीचे घड वाहणाऱ्या शेवंताबाई डोक्यावरची चुंबळ सारखी करत थांबल्या. “मंगयवारी भाऊनं माप घेतलं, तव्हा गाडीत बठ्ठी केयी भरेल व्हती. वझ्यानं गाडी बसेल व्हती. आज रिकामी शे, म्हनून उठेल शे.”

म्हणजे काकांनी मापली ती केळीच्या ओझ्यानं दबलेली गाडी! काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भाविकानं तो मनसोक्त पाहिला.

“मग आता?” आत्या उठली.

“मांगची चाकं कोरड्या चारीत घाला ना! आम्ही केयी भरतो तव्हा रोज हेच करतो.”

पिकअप मागे घेत पाण्याच्या चारीत उतरवली. गाडीचा मागचा भाग जवळजवळ शेताला टेकला आणि मशीन एका दमात वर!

धुळ्यात पोचायला पावणेदोन झाले. प्रदर्शनाचं मैदान मात्र डांबरी. चारी सोडा, खड्डासुद्धा नाही! “आता मशीन उतरवायचं कसं?” आत्यानं भाविकाला विचारलं.

काकांनी वही उघडली. “प्रथम मैदानाची सखोल चौकशी...”

“चौकशी नको, काका, वर चढा!” भाविका एवढ्या जोरात ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. मग ती जमलेल्या शेतकऱ्यांकडे वळली. “तुम्ही पण चढा, दादा! आणि तुम्ही, मामा! दोन्ही बाजूंना दाटीनं बसा. मधे जागा सोडा!”

काकांसह नऊ धट्टेकट्टे शेतकरी चढले. स्प्रिंगांनी कुरकुर केली आणि गाडी बसली. भाविकानं टेप लावली. अठ्ठावीस!

आत्या सहा फुटी रॅम्पवरून ऐटीत खाली उतरली, तेव्हा दोनला एक मिनिट कमी होतं. टाळ्या वाजल्या. काकांनी त्या उभं राहून, वाकून स्वीकारल्या.

परतताना त्यांनी वहीत लिहिलं: ‘गुन्हेगार: केळी. निर्णायक पुरावा: माझं वजन. तपास अधिकारी: हेमराज.’

काका घोरायला लागल्यावर भाविकानं शेवटचं नाव खोडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: शेवंताबाई.