आपुन वढत नाही

माणसं दारू सोडतात, गोड सोडतात, काशीला जाऊन आधीपासूनच न आवडणारं कारलं सोडून येतात. आमच्या उकंडभाऊंनी एक क्रियापद सोडलं. ते काहीही ओढत नाहीत.

घाटंजीच्या मेन रोडवर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पत्रे, रंग, दोर, नळाच्या तोट्या, सगळं मिळतं. उकंडभाऊ माझ्या घराशेजारचे. वय सत्तरीकडे, शेती ठेक्यानं दिलेली, त्यामुळे दुकान उघडताना ते हजर आणि बंद करतानाही हजर. सकाळी शटर वर ढकलायचं असलं की स्वतःहून हात लावतात. संध्याकाळी तेच शटर खाली ओढायची वेळ आली, की हाताची घडी घालून बाकावर बसून राहतात. ते शटर गंजलेलं, मी त्याला लोंबकळतोय, आणि हे शांतपणे पाहतायत.

"भाऊ, जरा हात लावा ना!"

"ढकलाचं असन तं सांग. आपुन वढत नाही."

खुर्ची सरकवायची तर दोन्ही हातांनी उचलून नेतात. शेळी घरी आणायची तर दोर पुढून न ओढता मागून तिला रेटत आणतात, आणि शेळी वळून वळून त्यांच्याकडे बघते. रात्री थंडी वाजली तर अंगावर चादर कमलावहिनींनी ओढायची. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नात आंतरपाट वढाले भटजी होते म्हनून बरं झालं बाई. यायच्या भरवशावर असती, तं म्या अजून पाटावर उभी राह्यली असती."

या व्रतामागे एक डॉक्टर आहे. तीन-चार वर्षांमागे भाऊंना खोकला लागला. असा तसा नव्हे. ते अंगणात खोकले की आमच्या मांडणीतल्या थाळ्या वाजायच्या. कारण उघड होतं. भाऊ सकाळी डोळे उघडायच्या आधी बिडी पेटवायचे. शेवटी वहिनींनी त्यांना बळंच दवाखान्यात धाडलं. तिथं नवा डॉक्टर आलेला, तरुण, साताऱ्याकडचा. आता तिकडचे लोक बिडी ओढतात. आमच्या इकडे बिडी पितात, म्हणजे 'पेतात'. ओढायची ती बादली, विहिरीतून. एवढ्या एका शब्दानं जो घोळ घातला, तो भाऊंच्या तोंडून ऐकण्यासारखा आहे. मी शंभरदा तरी ऐकला असेल.

डॉक्टर म्हणाला, "काका, दिवसाला किती ओढता?"

भाऊंच्या अंगणात विहीर. ते म्हणाले, "सकायी धा-बारा, सांजच्याले धा-बारा. पाव्हने आले तं मंग जास्त."

"कधीपासून ओढताय?"

"मिसरूड नोती फुटली तवापासून. बापानंच शिकवलं ना."

डॉक्टर जरा गंभीर झाला. "घरात आणखी कोण ओढतं?"

"बायको वढते. तिचं तं माह्यापेक्षा जास्त हाय. दुपारी शेजारनीबी येतात, मंग सगळ्याजनी मिळून वढतात."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. नव्या गावाबद्दल त्याच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल, ते त्यालाच ठाऊक. मग त्यानं बोट उगारून सांगितलं, "आजपासून ओढणं पूर्ण बंद. तुमचं बंद, काकूंचं बंद, सगळ्यांचं बंद."

भाऊ घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानातून पाण्याची मोटर घेऊन गेले. कमलावहिनींनी लग्न झाल्यापासून मोटरसाठी डोकं आपटलं होतं. त्यांनी डॉक्टरच्या नावानं देवापुढे दिवा लावला. भाऊंनी बादली सोडली, दोर सोडला, शटर सोडलं, आणि बाजेवर बसून निवांत मनानं बिड्या प्यायला लागले. खोकला मात्र हटेना.

महिन्यानं पुन्हा दवाखाना. "ओढणं बंद केलं का?"

"एकदम बंद, सायेब. मोटर बसवली."

"मोटर?" डॉक्टरला काही उमगेना. तेवढ्यात भाऊंना खोकल्याची उबळ आली, आणि ती शमवायला म्हणून त्यांनी तिथंच खिशातून बिडीचा कट्टा काढला.

"अहो, मग हे काय आहे?"

"हे? हे बिडी हाय. हे कोन वढते? हे तं पेतात."

कंपाउंडर आमच्याच भागातला. तो हसत हसत बाहेर पळाला. डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं खुर्ची भाऊंच्या जवळ आणली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "काका, ओढू नका. पिऊ नका. फुंकू नका. चोखू नका. पेटवू नका. तुमच्याकडे आणखी काही म्हणत असतील, तर तेही करू नका."

पळवाट उरली नाही. भाऊंनी उरलेला कट्टा तिथंच टेबलावर ठेवला. आणि गंमत म्हणजे, खरा अर्थ कळल्यावरही ओढणं त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. "वढनं अन पेनं, दोघं सख्खे भाऊ हायेत," ते म्हणतात. "एकाले घरात घेतलं तं दुसरा मांगून येते. खुर्ची वढाले हात गेला का मले याद येते, बावा, आपलं बंद हाय." शटरच्या वेळी मला यात लबाडी दिसते, पण बोलून उपयोग नाही.

बिडी सोडणं सोपं नव्हतं. सुरुवातीला त्यांना हातांचं काय करावं कळायचं नाही. उगाच माझे खिळे मापाप्रमाणे लावायचे आणि चुकीच्या डब्यात टाकून ठेवायचे. सदऱ्याच्या खिशात फुटाणे आले, बडीशेप आली. चहा झाला की ते उठून तरातरा बसस्टँडपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे, कारण चहा आणि बिडी यांची गाठ फार जुनी. आणि त्यांनी एक शब्द धरला. कुणी बिडी पुढे केली की नाही म्हणायचं नाही, सोडली म्हणायचं नाही. नुसतं म्हणायचं, "मंग."

म्हणजे नंतर. आता नको, नंतर पिऊ. मी विचारलं, "भाऊ, सरळ सोडली म्हणा ना."

"तसं नोको म्हनू. सोडली म्हनलं का ते रुसते, रात्रभर मांगं लागते. मंग म्हनलं का बिचारी वाट पाहत बसते." जेवल्यावर विचारलं तरी मंग, शेतावर विचारलं तरी मंग. लोकांनी त्यांचं नावच मंगभाऊ पाडलं. तेही त्यांनी खुशाल चालवून घेतलं.

मुकुटबनला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही मिळून गेलो होतो. जेवणं झाली आणि पान-सुपारीचं ताट फिरायला लागलं. त्यात बिड्या पंख्यासारख्या मांडून ठेवलेल्या. ताट भाऊंच्या समोर आलं. मी त्यांच्या शेजारी होतो, त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. मला वाटलं, आज मोडतंय. भाऊंनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, उठले, आणि मांडवभर स्वतःच फिरवायला लागले. "घ्या पाव्हने, घ्या ना, लाजू नोका!" हात ताटात गुंतले की बिडी उचलायला तिसरा हात कुठून आणणार? सगळा मांडव धुरानं भरला तरी हे फिरतच होते. नवरीकडच्यांना वाटलं हे नवरदेवाचे मामा, त्यांनी जाताना दुपट्टा-टोपी घातली.

तीन महिन्यांत भाऊंचा खोकला गेला. आमच्या थाळ्या गप्प झाल्या. हे सगळं छान झालं, पण आता हरसिंगबद्दल सांगितलं पाहिजे.

हरसिंग जवळच्या तांड्यावरचा. कापूस-तुरीची शेती, उंचापुरा, मिशा अजून पिळदार. दर बाजाराच्या दिवशी तो येतो आणि माझ्या दुकानाच्या बाकावर भाऊंच्या शेजारी बसतो. दोघांची दोस्ती माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची. बोलणं फारसं नसायचं. एका काडीवर दोन बिड्या पेटायच्या आणि दोघं रस्त्याकडे बघत धूर सोडायचे. बाजार संपायचा, हरसिंग म्हणायचा, "जातो, भिया," आणि निघायचा. भिया म्हणजे तांड्यावरच्या बोलीत भाऊ.

हरसिंगची छाती भाऊंपेक्षा वाईट होती. स्टँडवरून माझ्या दुकानापर्यंत यायचं तर तो आधी रसवंतीत बसायचा, मग सलूनच्या बाकावर, मग बँकेच्या पायरीवर. भाऊच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथं शब्दांचा काही घोळ झाला नाही. बिडी थांबली नाही तर पुढच्या उन्हाळ्याची खात्री देत नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. हरसिंगनं बाहेर येऊन दवाखान्याच्या दारातच बिडी पेटवली. त्याची बायको आदल्या साली गेली होती, लेकी आपापल्या घरी. "आता कोनासाठी छाती जपू?" असं तो म्हणाला. भाऊंनी त्याला फुटाणे देऊन पाहिले, 'मंग' शिकवून पाहिलं, चक्क शिव्या देऊन पाहिल्या. तो हसायचा आणि काडी ओढायचा. माफ करा, घासायचा.

पुढच्या काही बाजारांनंतर मात्र हरसिंग बिनबिडीचा दिसायला लागला. मी चकित झालो. मी विचारलं तर त्यानं भाऊंकडे बोट केलं. "याच्यासाठी. माह्या तोंडाचा वास आला तरी याचा खोकला उठते. मरन ना लेकाचा माह्या पायी." आणि खरंच, भाऊ शेजारी बसून खो-खो खोकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. हरसिंग त्यांची पाठ चोळत होता. मला वाईट वाटलं. गेलेला खोकला परत आला म्हणजे लक्षण चांगलं नाही.

बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर मिरचीवाल्यांची रांग बसते. ठसका सगळ्यांनाच लागतो, त्यामुळे मला कधी शंका आली नाही. मग एका बाजाराला हरसिंग आला नाही, लेकीकडे महागावला गेला होता. मिरची नेहमीसारखीच उडत होती. मी शिंकून शिंकून बेजार, गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून. आणि उकंडभाऊ बाकावर मस्त फुटाणे खात बसलेले. दिवसभरात एकदा खोकले नाहीत.

"भाऊ," मी म्हटलं, "खोकला कुठं गेला?"

ते सहज म्हणाले, "महागावले." मग माझं तोंड पाहून चपापले. हातातले फुटाणे त्यांनी खिशात टाकले.

"तू कोनाले सांगू नोको. थो मानूस सोताच्या जिवासाठी काही करत नाही. बायको होती तवा तिच्यासाठी करे. आता म्हनते, कोनासाठी? मले लय राग आला होता त्याचा. म्या मनात म्हनलं, काहून रे, मी मेलो का? मंग आंगात खोकला आनला."

"आणि तुमची छाती?"

"ढोलावानी हाय." त्यांनी छातीवर थाप मारून दाखवली. "पन त्याच्याबिगर या बाकावर बसू का मी एकटा?"

मी हसायला गेलो आणि मलाच ठसका लागला. मिरचीच असेल म्हणून मी पाणी प्यायलो.

पुढच्या बाजाराला हरसिंग आला. स्टँडवरून येताना फक्त बँकेच्या पायरीवर टेकला, हे भाऊंनी लांबूनच पाहून ठेवलं होतं आणि लगेच खोकायला सुरुवात केली होती. हरसिंगच्या हातात एक बाटली होती. अडुळसा आणि आणखी कसल्या कसल्या पाल्यांचा काढा, त्यानं सकाळी स्वतः चुलीवर आटवलेला. हिरवट-काळा रंग. बूच काढल्याबरोबर मलाही दुकानात वास आला.

"घे. समदा पे. माह्यासमोर."

भाऊंनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी रंगाचे डबे मोजायला लागलो. ढोलासारखी छाती असलेल्या त्या माणसानं नाक दाबून सगळी बाटली रिचवली. तोंड असं झालं की समोरची मिरचीवाली बाई पदराआड हसली.

"आता दर बाजाराले आनत जाईन," हरसिंग म्हणाला. "भिया, एक बोलू? तुहा खोकला गेला का आपुन दोघं एक पेऊ. पयल्यासारखी. एकच. तवरोक मी हात नाही लावत, देवाची आन हाय."

भाऊंनी रिकामी बाटली खाली ठेवली. मित्राच्या तोंडाकडे ते बघत राहिले, आणि मग बेंबीच्या देठापासून असे खोकले की समोरच्या मिरच्यांच्या रांगेतली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

"नाही रे हरसिंग," दम घेत ते म्हणाले. "हा काही जात नाही आता. जिंदगीभरचा हाय."

हरसिंग सरकून जवळ बसला आणि त्यांची पाठ चोळायला लागला.