चालू असल्याचा आवाज

ध्वनी अभियांत्रिकी शिकवणाऱ्या संस्थेच्या कारभाऱ्यांनो, तुमच्यावर सरळ आरोप आहे: तुम्हाला कान नाहीत. असलेच, तर ते चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरते आहेत. हा आरोप रागाच्या भरात केलेला नाही. त्याला कागदोपत्री पुरावा आहे, आणि तोही तुमच्याच सहीशिक्क्याचा.

पुराव्याचा पहिला कागद म्हणजे तुमचं परिपत्रक. "प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पंधरा तारखेच्या आत योग्य लॅपटॉप तपासून घ्यावा. शिक्का नसल्यास प्रात्यक्षिक स्वीकारले जाणार नाही. प्रात्यक्षिक नसल्यास प्रवेश रद्द समजावा." सगळं कसं स्वच्छ लिहिलं होतं. फक्त योग्य लॅपटॉप म्हणजे कोणता, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.

हा कागद लिफ्टवाल्यांच्या घरात येऊन पडला. लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकच पद्धत वापरली. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "खालची बेअरिंग गेली." आणि उघडल्यावर खालचीच गेलेली असायची. मुलीने नाकडोळे आईचे घेतले होते, कान मात्र बापाचा. चार वर्षांची असताना जिन्यातल्या पावलांवरून ती सांगायची, "आत्या आली, आणि चिडून आली." त्या कानाला आता रीतसर शिक्षण मिळणार होतं, म्हणून लिफ्टवाले गेले दोन महिने उगाचच शीळ घालत फिरत होते.

पहिलं प्रात्यक्षिक होतं: रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करणे.

"शांतता काय रेकॉर्ड करायची?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"बाबा, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. सिनेमात दोन वाक्यांच्या मधे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. नाहीतर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पडल्यासारखं होतं."

"म्हणजे लॅपटॉप गप्प बसणारा हवा."

"एवढंच हवंय बाबा. बाकी काही नको."

एवढंच हवं असलं की नातेवाईक गोळा होतात. मामा म्हणाला, "गेमिंगचा घे. बटणांच्या खाली सात रंगांचे दिवे लागतात."

"मामा, मला आवाजाचं काम करायचंय."

"मग ते काय अंधारात करणार आहेस?"

आत्याचं म्हणणं पातळ घ्यावा. तिच्या समोरच्यांच्या सुनेने घेतला होता, सुरीसारखा. "कांदा चिरून घ्यावा इतका पातळ," आत्या म्हणाली. लिफ्टवाल्यांनी घरात कांदा चिरायला सुरी असल्याचं नम्रपणे निदर्शनास आणून दिलं आणि मुलीला घेऊन दुकान गाठलं.

दुकानातला विक्रेता पाठांतराला पक्का होता. स्क्रीन, प्रोसेसर, बॅटरी, सगळं एका श्वासात झालं. लिफ्टवाले शांतपणे म्हणाले, "आवाज किती करतो?"

"स्पीकर एकदम जबरदस्त, काका!"

"स्पीकर नाही हो. गप्प असताना किती करतो?"

या प्रश्नाचं प्रशिक्षण विक्रेत्याला मिळालेलं नव्हतं. तेव्हा लिफ्टवाल्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक लॅपटॉपच्या पोटाला लावलं आणि डोळे मिटले. दुकानात गर्दी जमली. विक्रेता कळवळून म्हणाला, "काका, हे कलिंगड नाहीये."

सोळा लॅपटॉप नापास झाले. एक घरघरत होता, एक शिट्टी मारत होता, आणि सात रंगांचे दिवे लागणारा तर दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. सतरावा कोपऱ्यात पडलेला होता. जाडजूड, राखाडी, दिसायला भांड्याच्या झाकणासारखा. लिफ्टवाले बराच वेळ ऐकत राहिले.

"बंद आहे का हा?"

"चालू आहे, काका."

मुलीनेही कान लावला. "बाबा, हा श्वाससुद्धा घेत नाही."

"मग हाच."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संस्थेत 'तांत्रिक योग्यता तपासणी कक्ष' होता.

कक्षातल्या तपासनिसाने लॅपटॉपची लांबी मोजली, वजन केलं, रंग नोंदवला. मग तो खुर्ची मागे सरकवून तीन फुटांवर बसला आणि मान तिरकी करून म्हणाला, "बंद आहे."

"चालू आहे सर. स्क्रीन बघा ना."

"स्क्रीन बघून ठरवायला ही काय चित्रकलेची शाळा आहे? ही ध्वनीची संस्था आहे. नियम सात: यंत्र चालू असल्याचा आवाज तपासनिसास तीन फुटांवरून स्पष्ट ऐकू आला पाहिजे."

नियम सातला इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी एका इरसाल विद्यार्थ्याने मेलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर फोटो चिकटवून आणला होता आणि त्यावर शिक्का मिळवला होता. वरून ताशेरे आले. तेव्हापासून कक्षाने डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं.

"पण सर, लॅपटॉपचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो."

"तो रेकॉर्डिंगवाल्यांचा प्रश्न. आमच्या कक्षात तो आला पाहिजे."

रांगेतल्या मागच्या मुलाने आपला लॅपटॉप उघडला. पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज झाला. तपासनिसाचा चेहरा उजळला, आणि अर्ध्या मिनिटात शिक्का बसला.

पोरगी तोंड पाडून घरी आली. पंधरा तारीख दोन दिवसांवर होती. लिफ्टवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं, माळ्यावरून एका जुन्या लिफ्टच्या पॅनलमधला छोटा पंखा काढला, लॅपटॉपच्या पाठीवर चिमट्यांनी बसवला आणि वायर लॅपटॉपलाच जोडली. शेजारी एक बटण. पंखा काहीच थंड करत नव्हता. तो फक्त ओरडत होता.

"त्यांना दाखवताना चालू करायचा. नंतर बंद."

दुसऱ्या दिवशी तपासनीस खूश झाला. "बघ, आता कसा कामाला लागलेला वाटतो!" त्याने 'अत्यंत कार्यक्षम' असा शेरा मारला आणि कागदी सील काढलं. सील त्याने नेमकं बटणावर चिकटवलं. चालू बाजूला. "सील फाटलं तर लॅपटॉप अयोग्य," त्याने प्रेमाने बजावलं.

आता ज्या लॅपटॉपवर शांतता मुद्रित करायची, तो चालू झाला की बोंबलणार, हे अधिकृत झालं. मुलीला रडू फुटलं. लिफ्टवाले म्हणाले, "अगं वेडाबाई, लिफ्टची मोटर कुठे असते?"

"गच्चीवर."

"आणि माणसं?"

"डब्यात."

"मग? मोटर लांब ठेवायची, दोर लांब सोडायचा. एवढंच तर आमचं शास्त्र."

दुपारी तीन वाजता लॅपटॉप दोन गोधड्यांत गुंडाळून न्हाणीघरात कोंडला. तिथून लांबलचक केबल दाराच्या फटीतून मागच्या खोलीत गेली आणि खोलीच्या मधोमध मायक्रोफोन उभा राहिला. फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ आत्याकडे पाठवलं, आत्यासकट. मुलगी न्हाणीघरात गोधडीखाली मान घालून बसली, आणि लिफ्टवाले स्वयंपाकघरात श्वास धरून उभे राहिले. मिनिटभर घराने काहीच केलं नाही. ते हेडफोनवर ऐकून मुलगी म्हणाली, "बाबा, जमलं!"

निकाल आला. 'ध्वनी आढळला नाही. शून्य.'

गिरणीवाल्या मुलाला चाळीसपैकी अडतीस. 'ध्वनी ठळक व सलग.'

प्रवेश रद्द करण्यापूर्वी म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद होती. समितीत अध्यक्ष, परीक्षक आणि नियम सातचे जाणकार म्हणून तपासनीस होते. परीक्षकबाईंनी स्क्रीन लिफ्टवाल्यांकडे वळवली. तिच्यावर एक सरळ रेघ होती.

"तुम्हीच बघा. आहे का काही?"

"मॅडम, तुम्ही ऐकलंत का?"

"आम्ही ऐकत नाही, बघतो. रेघ वरखाली झाली की आवाज आहे. दोनशे विद्यार्थ्यांचं ऐकत बसलो तर आवाज तपासणार कधी?"

लिफ्टवाल्यांनी टेबलावरचा हेडफोन उचलला. परवानगी मागितली नाही. डोळे मिटले. मिनिटभराने म्हणाले, "कपाटाचं उजवं दार नीट लागलेलं नाही. खिडकीची वरची काच सैल आहे. आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला, विसाव्या सेकंदाला."

"बाविसाव्या, बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

"बाविसाव्या. आमचीच मागची खोली आहे, साहेब. डोळे बांधून नेलंत तरी ओळखीन. आता तुम्ही ऐका. एकच मिनिट."

अध्यक्ष उदार होते. "लावा मोठ्या स्पीकरवर. संस्था कुणाचं ऐकत नाही असं व्हायला नको."

मुलीने बटण दाबलं आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं. चौथ्या सेकंदाला अध्यक्षांनी पेनाची टिकटिक सुरू केली. आठव्याला तपासनिसाने विचारलं, "सुरू झालं का?" बाराव्याला परीक्षकबाईंचा फोन वाजला आणि त्यांनी तो खाली मान घालून घेतला, म्हणजे ऐकू जाणार नाही. अठराव्याला अध्यक्ष खुर्ची करकरवत शिपायाला म्हणाले, "पंखा वाढव रे, गुदमरायला होतंय." बाविसाव्या सेकंदाला नळ बंद झाला तेव्हा तिघंही एकमेकांना काही ऐकू येतंय का ते विचारत होते.

"काहीही ऐकू आले नाही, असे सर्वानुमते ठरले," अध्यक्षांनी लिहायला सांगितलं. मग त्यांना पोरीची दया आली. "सोमवारपर्यंत मुदत देतो. तीच शांतता पुन्हा आण. फक्त या वेळी जरा ऐकू येईल अशी आण."

तर कारभाऱ्यांनो, सोमवारला तीन दिवस उरलेत. पोरगी मागच्या खोलीत बसलीय आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला काय ऐकावं ते कळत नाहीये. लिफ्टवाले शीळ घालायचे थांबलेत.

आणि तुम्ही, वाचता वाचता या समितीला हसणारे! तुमचा लॅपटॉप तुम्ही दिवे बघून घेतलात की शेजाऱ्याचा बघून, ते तुमचं तुम्हाला माहीत. पण आता हे खाली ठेवा आणि एक मिनिट गप्प बसा. पेन नाही, फोन नाही, "सुरू झालं का" नाही. साठ सेकंद.

बसलात? मग सांगा, तुमच्या खोलीत बाविसाव्या सेकंदाला काय झालं? सोमवारच्या आत उत्तर हवंय. लेखी.