बोडीचा शेजार

आमच्या ले-आउटमध्ये कोणाचीही वास्तुशांती असली, की पाहुणे स्वयंपाकघरातल्या टाइल्स पाहतात. मारोतराव काकाजी मात्र लोटाभर पाणी मागतात. ते अंगणात जातात, पाणी जमिनीवर ओततात आणि हात मागे बांधून, ते कुठं जातं हे बघत उभे राहतात.

माझ्या घरी आले तेव्हा पाणी सरळ उंबऱ्याकडे निघालं. काकाजी हळू आवाजात म्हणाले, "पानी तुमच्या घरी येऊन राहिलं. मंग तुमी कुठी जाल?" दुसऱ्याच आठवड्यात मी अंगण उकरून उतार बदलला.

काकाजी नोकरीभर पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी पाणी सोडायचं हे बघणारे. निवृत्त होऊन भंडाऱ्याच्या कडेला घर बांधलं, पण बांधी डोक्यातून गेली नाही. अजून आम्हाला प्लॉट नंबर विचारायचा तर "तुमची बांधी कोनती?" असंच विचारतात. सोसायटीनं गल्ल्यांमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, बसवायचं ठरवलं, तेव्हा बैठकीत एकटे काकाजी उभे राहिले. "पान्याले आधी जागा, मंग आपल्याले," एवढंच बोलून बसले. हे वाक्य ते लोकांच्या लग्नातही बोलतात, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मग त्यांनी आपल्या दारापुढचे गट्टू स्वतः उपटले आणि तिथं दूर्वा लावल्या. गणपतीत अख्खी गल्ली तिथंच खुडायला जाते.

खरा प्रसंग आला तो बोडीचा. ले-आउटच्या टोकाला, काकाजींच्या घराला लागून, एक लहानसं जुनं तळं आहे. वरच्या शेतांचं सगळं पाणी त्यात उतरतं. ले-आउटवाल्या शेठनं ही बोडी बुजवून चार प्लॉट पाडायचं ठरवलं. चारही लगेच बुक झाले.

काकाजींनी अर्ज केले, शेठच्या ऑफिसात जाऊन बसले. शेठनं चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा त्यांनी शेठचा नाद सोडला आणि गिऱ्हाइकांना गाठलं. भर पावसात एकेकाला वरच्या शेतापर्यंत नेलं आणि पाण्यामागून चालवत बोडीपर्यंत आणलं. भाषण नाही, भांडण नाही. एकाच्या नव्या चपला चिखलात गेल्या, त्या काकाजींनीच हात घालून काढल्या. शेवटी म्हणायचे, "बोडी बुजवली तं पानी तुमच्या घरात येईन. रागानं नाही, त्याले दुसरी जागाच नाही म्हणून."

तिघांनी प्लॉट बदलून घेतले. चौथ्यानं आधीच रद्द केला होता, असं कळलं. गिऱ्हाईकच उरलं नाही, तशी शेठनं बोडी राहू दिली. आता त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'सरोवराकाठची घरं' असं लिहिलेलं आहे. काकाजी ती पाटी वाचून मनापासून खूश होतात.

सोसायटीच्या आभाराच्या ठरावात चौघांची नावं घालावी, म्हणून एका संध्याकाळी मी काकाजींकडे चौथ्याचं नाव विचारायला गेलो. ते ओट्यावर बसले होते. आतून काकूच म्हणाल्या, "आमचाच होता तो. पोरासाठी घेतला होता."

मुलगा पुण्याला. भिंतीला भिंत लागून घर होत असेल तरच परत येतो, असं म्हणाला होता. प्लॉट गेल्यावर त्यानं तिकडंच फ्लॅट घेतला.

मुलाला नीट समजावून सांगितलं का, एवढं मी विचारलं.

"सांगतलं न. तो म्हणे, बाबा, तुमाले बोडी पाह्यजे होती, मी नाही." काकाजी बोडीकडे बघत म्हणाले, "तसं नाही न गा. मले दोनी पाह्यजे होते."

ठरावात नाव नको म्हणाले. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठलो. तसे ते ओट्यावर थोडे बाजूला सरकले. म्हणाले, "बसा न जराशे."

घरोघरी दिवे लागेपर्यंत मी तिथंच बसलो.